तिसऱ्या क्रमांकाचं शहर

विल्यांदी, ४ नोव्हेंबर २०१८

प्रिय हेल्वे आत्या,

शाळा सुटल्यानंतर कागदावर पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. बाबा म्हणाले, "फोन करू नकोस. तिला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही हे ती कबूल करत नाही. तू विचारशील एक आणि ती उत्तर देईल भलत्याचंच, तेही ठासून." संगणकाला तू हात लावत नाहीस हे सगळ्या घराला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

काम असं आहे. इथली, तार्तू विद्यापीठाची पदवी जूनमध्ये हातात येईल. पुढची दोन वर्षं मला स्वीडनमध्ये शिकायचंय. विषय तोच, दलदली. अर्जात चार शहरं लिहायची असतात, पसंतीच्या क्रमाने. वरच्या शहराने घेतलं की खालची सगळी आपोआप रद्द होतात. म्हणजे क्रम चुकला की शहर चुकलं. मुदत पंधरा जानेवारी.

माझी चार शहरं म्हणजे उप्साला, स्टॉकहोम, गोथेनबर्ग आणि उमेओ. क्रम ठरत नाहीये. तू सत्तावीस वर्षं तिकडे आहेस आणि त्यातली वीस वर्षं ट्राम चालवलीस. बाबांच्या मते तुला शहरं आतून कळतात, निदान रुळांच्या बाजूने तरी. तर तुझं मत कळव.

आणखी एक सांगायला त्यांनी मला तीनदा बजावलंय. मी राहायला जागा मागत नाहीये. फक्त मत.

तुझी,
त्रीनू


गोथेनबर्ग, १३ नोव्हेंबर २०१८

त्रीनू,

पत्र मिळालं. मला व्यवस्थित ऐकू येतं. अर्वो पुटपुटतो. लहानपणापासून पुटपुटतो.

मत हवंय तर घे. गोथेनबर्गला येऊ नकोस. इथे पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. छत्री घेतलेला माणूस दिसला की समजावं, नवा आहे. लोक विनाकारण बोलतात. थांब्यावर अनोळखी माणूस तुला विनोद सांगेल, तो विनोद वाईट असेल, आणि पुढच्या थांब्यापर्यंत त्यावर तो स्वतःच हसत राहील. वीस वर्षं मी काचेआड बसून हे सहन केलं.

जागेचं तर नावच काढू नकोस. इथे भाड्याचं घर नुसत्या पैशाने मिळत नाही, रांगेने मिळतं. रांगेत नाव घालायचं आणि दिवस साठवायचे. ज्याचे दिवस जास्त, त्याला घर. घर घेतलं की दिवस शून्य, पुन्हा पहिल्यापासून. माझं नाव चौऱ्याण्णव सालापासून आहे. आठ हजार नऊशेच्या वर दिवस झालेत. वापरले नाहीत. मला काय करायचंय? एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीत जिरेनियमची कुंडी. माझ्या जिन्यावरची शेजारीण सोन्या म्हणते, "हेल्वे, एवढ्या दिवसांत तुला राजवाडा येईल." मी म्हटलं, राजवाडा पुसणार कोण, तू?

उप्सालाला जा. जुनं विद्यापीठ, किल्ला, सायकली, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे म्हणतात. मी गेलेली नाही.

तुझी उंची किती? सहज विचारतेय.

आत्या


विल्यांदी, २६ नोव्हेंबर २०१८

प्रिय हेल्वे आत्या,

उत्तराबद्दल आभार. अगदी स्पष्ट होतं.

बाबांनी ते वाचलं आणि म्हणाले, "बघ! पाहुणा नको म्हणून तिने पावसालासुद्धा कामाला लावलं." मी म्हटलं, बाबा, तिने मत दिलंय. ते म्हणाले, "आपल्या घराण्यात 'येऊ नकोस' हे मत नसतं, निरोप असतो." आई म्हणाली की तुमच्या घराण्यात कुणी कुणाला बोलवत नाही आणि न बोलावता कुणी जात नाही, म्हणून तर दोघं भावंडं सत्तावीस वर्षांत तीनदा भेटलात. त्यावर बाबा लाकडं फोडायला निघून गेले.

तर आत्या, काळजी करू नकोस. मी तुझ्या दारात बॅग घेऊन उभी राहणार नाही.

उप्सालाबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. आईच्या सलूनमध्ये 'उप्साला' म्हटलं की बायका ड्रायरखालून मान बाहेर काढतात. 'गोथेनबर्ग' म्हटलं की विचारतात, तिथे मोटारी बनतात ना?

एकच बारीकशी गोष्ट. गोथेनबर्गला एक प्राध्यापक बाई आहेत, त्यांनी आमच्या घरामागच्या दलदलीवर काम केलंय. आमच्या दलदलीवर, आत्या! जिथे मी सहा वर्षांची असताना एक बूट गमावला, तीच. तिथून काढलेली चिखलाची आठ मीटर लांब नळी त्यांच्या शीतगृहात ठेवलेली आहे. म्हणजे मी तिथे गेले तर माझ्या गावाची दहा हजार वर्षं आडवी ठेवून बघायला मिळतील. पण चिखलासाठी कुणी शहर निवडतं का? आई म्हणते, हे बाहेर कुणाला सांगू नकोस.

उंची एक मीटर एकोणऐंशी. का गं?

तुझी,
त्रीनू


गोथेनबर्ग, १२ डिसेंबर २०१८

त्रीनू,

उंची विणकामासाठी विचारली. मोजे विणतेय. उंच माणसाचे पाय लांब असतात. यात आणखी काही नाही.

आता हे सांग. झोपताना खिडकी उघडी लागते की बंद? वाद्य वाजवतेस का, आणि वाजवत असशील तर कुठलं आणि किती वेळ? तळलेल्या माशांचा वास चालतो का? सकाळी आठच्या आधी बोलतेस का? सोन्या तरुण पिढीची कसलीशी पाहणी करतेय, तिच्यासाठी हवंय.

काल एक घर बघायला गेले होते. घ्यायला नाही, बघायला. ग्रंथालयातली मुलगी मला दर सोमवारी रिकाम्या घरांची यादी काढून देते. दोन खोल्या, तिसरा मजला. वीस-बावीस माणसं जमली होती, सगळी कपाटं उघडून आत डोकं घालत होती. एका तरुण जोडप्याने मला विचारलं, "मावशी, तुमचे किती दिवस?" मी आकडा सांगितला. नवरा बायकोला म्हणाला, "चल गं, जाऊया." मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण कपाट खोल होतं.

उप्साला पहिलं लिही. आणि एक ध्यानात ठेव, शहर कुणा माणसासाठी निवडू नये. मी एकदा निवडलं. एक्क्याण्णव साली एका बोटीवरच्या माणसामागे इथे आले. आठ महिन्यांत तो उत्तरेकडे गेला, दुसऱ्या बोटीने, दुसऱ्या बाईबरोबर. शहर तेवढं माझ्याकडे राहिलं. त्याच्याशी माझं बरं चाललंय. पण ओळख चुकीच्या माणसाने करून दिली, ती दिलीच.

नाताळच्या शुभेच्छा. अर्वोला सांग, रक्ताचे सॉसेज करपवू नकोस.

आत्या


विल्यांदी, ५ जानेवारी २०१९

प्रिय हेल्वे आत्या,

मोजे मिळाले. खूप ऊबदार आहेत. बाबांना अगदी बरोबर बसले.

सोन्याबाईंच्या पाहणीसाठी: खिडकी उघडी. कान्नेल वाजवते, ते मांडीवर घेऊन तारा छेडायचं वाद्य, पण हळू आणि वाईट. मासे चालतात. आठच्या आधी मी बोलत नाही, हुंकार देते.

आता मुख्य गोष्ट. सॉसेज करपलेच. पण ते करपले कारण आम्ही तिघं तुझ्या पत्रावर चर्चा करत बसलो होतो. बाबांनी ते मेणबत्तीजवळ धरून मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "थांब. दोन खोल्या. खोल कपाट. कुणाला तळलेल्या माशांचा वास चालतो का, याची चौकशी. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एकटी बाई खोल कपाट कशाला बघेल? अर्वो, तुझ्या बहिणीला कुणीतरी मिळालंय." बाबांनी पत्र पुन्हा एकदा मेणबत्तीजवळ धरलं. मग म्हणाले, "बोटीवरचा परत आला असेल." मी म्हटलं, मग माझी उंची कशाला? आई म्हणाली, "मोजे त्याच्यासाठी विणत असेल, मापाचा अंदाज यावा म्हणून घराण्यातल्या एका उंच माणसाला विचारून घेतलं." आईला बायकांच्या डोक्यात काय चालतं ते कळतं. तीस वर्षं ती त्या डोक्यांवरच काम करतेय.

आत्या, आम्हाला तिघांनाही आनंद झालाय. तू नाव सांगू नकोस, आम्ही विचारत नाही.

पण नव्या संसारात भाची मधेच कडमडायला नको. म्हणून क्रम ठरवला. उप्साला पहिलं, स्टॉकहोम दुसरं, गोथेनबर्ग तिसरं, उमेओ चौथं. गोथेनबर्ग शेवटी टाकणार होते, पण हात धजला नाही. अर्ज चौदा तारखेला पाठवते.

त्यांना आमचा नमस्कार सांग.

तुझी,
त्रीनू


गोथेनबर्ग, ८ जानेवारी २०१९

त्रीनू,

तुझं उत्तर अजून नाही. नाताळात टपालखातं झोपतं.

पाकिटामागे नवा पत्ता आहे, तो वहीत उतरवून घे. मी घर बदललं. ते जे बघायला गेले होते ना, तेच. रिकामंच होतं, त्यामुळे एक तारखेला किल्ल्या मिळाल्या. आठ हजार नऊशे साठ दिवस गेले. आता माझ्याकडे सात आहेत.

तुला वाटेल, म्हातारीला दोन खोल्या कशाला. दुसरीत मी इस्त्री करणार आहे. इस्त्रीला सकाळचा उजेड लागतो. तिथे एक पलंग ठेवलाय, दोन मीटर लांबीचा, कारण इस्त्री करून माणूस दमतो. एक टेबल आणि दिवा आहे, कारण इस्त्री करताना काही सुचलं तर लिहून ठेवता येतं. दारापाशी चिखलाचे बूट ठेवायला फळी आहे. ती मी ठोकलेली नाही, आधीपासूनच होती. म्हणजे अर्धी होती. बाकीची मी ठोकली.

तिथून विद्यापीठाला जाताना ट्राम बदलावी लागत नाही, अठरा मिनिटं लागतात. हे कुणासाठी लिहीत नाहीये. माझी जुनी सवय, कुठेही गेले की मार्ग बघते.

शहरांचा क्रम तुझा तू ठरव. मी मधे पडत नाही. पंधरालाच मुदत आहे ना? सहज आठवलं.

आत्या


विल्यांदी, १७ जानेवारी २०१९

प्रिय हेल्वे आत्या,

तुझं पत्र काल आलं. सोळा तारखेला. सोळा!

बाबांनी इस्त्रीचा परिच्छेद तीनदा वाचला. म्हणाले, "हेल्वेने आयुष्यात कधी इस्त्री केलेली नाही. कामावरचा शर्टसुद्धा गादीखाली घालून झोपायची." मग चष्मा पुसत म्हणाले, "दोन मीटरचा पलंग. अगं, ती तुला बोलावतेय. आपल्या घरात याहून मोठ्याने कुणीच बोललेलं नाही."

आई म्हणतेय की ती बोटीवरच्या माणसाची गोष्ट तिने काढलीच नव्हती, ते बाबा म्हणाले होते. त्यावर दोघांचं अजून चालू आहे.

आत्या, आता मी सरळ लिहिते. मला पहिल्या दिवसापासून गोथेनबर्गच हवं होतं. चिखलासाठी. आणि थोडं तुझ्यासाठीही, कारण सगळ्या घराण्यात परक्या शहरात एकटी जाऊन तिथलीच होऊन राहिलेली तू एकटीच आहेस, आणि ते कसं करतात हे मला बघायचं होतं. लिहिलं नाही, कारण आधी मला वाटलं तुला मी नको आहे, आणि नंतर वाटलं तुला दुसरं कुणीतरी हवं आहे.

अर्ज गेलाय. क्रम आता बदलता येत नाही. पण मी नियम नीट वाचले. खालचं शहर वर चढवता येत नाही, पण वरचं खोडता येतं. महिनाअखेरपर्यंत. खोडलेलं पुन्हा लिहिता येत नाही. उप्साला आणि स्टॉकहोम खोडलं तर गोथेनबर्ग पहिलं होतं. पण त्या चिखलाच्या वर्गात वीसच जागा आहेत. त्यांनी नको म्हटलं तर माझ्याकडे उमेओ उरतं, तिथेही नाही झालं तर सलूनमध्ये केस झाडणं. उप्सालाला माझा नंबर नक्की लागेल, असं इथले सर म्हणतात.

म्हणून एकच प्रश्न. मी यावं असं तुला वाटतं का? हो की नाही? पत्राला सहा दिवस लागतात. हवामान लिहू नकोस.

तुझी,
त्रीनू


गोथेनबर्ग, २३ जानेवारी २०१९

त्रीनू,

कुठला पुरुष? मला सकाळी आठच्या आधी रेडिओसुद्धा चालत नाही, पुरुष कुठे ठेवू? मासे मला आवडतात. तुझ्या आईला सांग, प्रत्येक कपाटात नवरा नसतो.

हो.

हा शब्द लिहायला अख्खा दिवस आणि चार कागद गेले. पहिल्यावर हवामानच होतं. दुसऱ्यावर लिहिलं, 'तुला सोयीचं पडत असेल तर.' हे आमच्या आईचं वाक्य. ते ऐकून मी घर सोडलं, आणि स्वतः तेच लिहून बसले. फाडला. तिसऱ्यावर कॉफी सांडली. हा चौथा.

आता नीट वाच. ते दिवस मी तुझ्यासाठीच खर्च केले. चोवीस वर्षं साठवत होते आणि कशासाठी ते मला माहीत नव्हतं. सोन्या विचारायची, मी काहीतरी उलट बोलायचे. तुझं पहिलं पत्र आलं, तू लिहिलंस की जागा मागत नाहीये, आणि मला पहिल्यांदा वाटलं की माझ्याकडे द्यायला काहीतरी आहे. मग घाबरले. म्हणून पावसाचं लिहिलं. पाऊस तसा खरंच आहे.

तू उप्सालाला गेलीस तर मला काही होणार नाही. खोली दुसऱ्या कुणा परदेशी पोरीला देईन, स्वस्तात, आणि तिच्याकडून खिडकी बंद करून घेईन. दिवस गेले त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. ते खर्च व्हायलाच होते.

पण माझ्यासाठी खोडू नकोस. मी एकाहत्तरची आहे, शिवाय चिडकी आहे. चिखलासाठी खोड. तुझ्या गावाची आठ मीटर लांब नळी शीतगृहात पडलीय आणि तिला ओळखणारी वर्गात तू एकटीच असशील. ते कारण बोटीत बसून कुठे निघून जाणार नाही. तेवढ्यावर खोडता येत असेल, तर खोड. येत नसेल, तर हात लावू नकोस.

मी आता हे पत्र पेटीत टाकायला जातेय, परत वाचणार नाही.

आत्या


विल्यांदी, ३० जानेवारी २०१९

प्रिय आत्या,

पत्र आज सकाळी आलं. दुपारी खोडलं.

उप्साला खोडताना बाबा शेजारी उभे होते. स्टॉकहोम खोडताना खुर्चीत बसले. मग मी उमेओही खोडलं. ते फक्त भीतीपोटी लिहिलं होतं आणि आता मला त्याच्याकडे बघवेना. बाबा ओरडले, "ते कशाला? ते काय खात होतं?" आता अर्जात एकच नाव आहे. बाबा म्हणतात, याला अर्ज नाही म्हणत, हट्ट म्हणतात.

आईने सलूनमध्ये सांगितलं की मुलगी विचार करतेय.

निकाल मार्चअखेरीस. तोवर मी कुणाशी बोलणार नाही, फक्त हुंकार देईन.

तुझी,
त्रीनू


गोथेनबर्ग, ४ एप्रिल २०१९

त्रीनू,

तू फोनवर ओरडलीस ते मला ऐकू आलं. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनाही आलं. ते वर येऊन विचारून गेले की काही वाईट झालंय का. मी म्हटलं, नाही, भाचीला चिखलात घेतलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग एक विनोद सांगितला. तो इथे लिहीत नाही. आल्यावर तुला रोजच ऐकावा लागेल.

दोन महिने मी त्या खोलीचं दार बंद ठेवलं होतं. काल उघडलं. खिडकीही उघडली. पाऊस आत आला, बाजूने.

बावीस ऑगस्टच्या आधी येऊ नकोस, बोटीचं तिकीट तेव्हाच परवडतं. मी स्टॉकहोमच्या धक्क्यावर येणार नाही, तू मोठी आहेस. त्या दिवशी मला तिकडे दुसरं काम आहे, त्यामुळे दिसले तर दचकू नकोस.

येताना काही आणू नकोस. दोन काळे पाव आण, बाजारातले नाही, अर्वोच्या भट्टीतले. आपल्याकडे मिळतं ते भाजलेल्या धान्याचं पीठ एक किलो. तलावातले धुरावलेले मासे, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. वाद्य आण, पण हळू वाजवायचं, हे तूच लिहून दिलंयस. अर्वोला आण. एका आठवड्यासाठी, त्याहून जास्त नको. त्याला सांग, हेल्वेने बोलावलंय. हेच शब्द वापर. त्याला ऐकू आलं नाही असं तो म्हणेल, तर मोठ्याने सांग.

सकाळी घरमालकांचा माणूस आला होता. मी एकटीच राहते असं मी जानेवारीत लिहून दिलं होतं, ते बदलायला त्याला बोलावलं. आता दोघी, म्हटलं. तो म्हणाला, मग तिची पत्रं येतील, दारावरच्या पाटीवर तिचंही नाव घालावं लागेल, काय आडनाव? मी म्हटलं, बाहेर जाऊन वाच. तो गेला, वाचून आत आला. पाटीवर फक्त आपलं आडनाव आहे, 'सारेपू'. तो म्हणाला, "मग काहीच करायला नको, बाई."

काहीच नको, मी म्हटलं. तो गेल्यावर बाहेर जाऊन पाटी तेवढी पुसून घेतली.

आत्या